हिरवीचं हवापाणी

परवा मावशी हॉल झाडत होत्या. काचपेटीच्या मागे, दिव्याच्या उबेला, एक पाल कायम बसलेली असते. आपली साधीच, घरची, मातकट. मावशींनी झाडू उलटा धरला, पेटी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत दांडा घातला आणि तिला पार गॅलरीपर्यंत हाकलत नेलं. शेपूट मात्र फरशीवरच राहिलं आणि बराच वेळ वळवळत होतं. ते सुपलीत भरता भरता त्यांचं लक्ष पेटीकडे गेलं. आत आमची हिरवी बांबूवर ऐसपैस पसरली होती. नुकताच फवारा मारलेला, त्यामुळे काचेवरून थेंब ओघळत होते आणि ती मान तिरकी करून एकेक थेंब चाटत होती. मावशींनी एकदा सुपलीत बघितलं, एकदा पेटीत. म्हणाल्या, ‘ताई, एकीला झाडू अन् एकीला फवारा. लई न्यारं हाय बघा तुमचं.’ मी हसून वेळ मारून नेली, चहा टाकला. त्या गेल्या, भांडी वाळली, संध्याकाळ झाली, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

हिरवी म्हणजे मादागास्करची पाल, डे गेको. वीतभराहून लांब. रंग हरभऱ्याच्या ओल्या घाट्याचा, नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत एक तांबडी रेघ आणि पाठीवर कुंकवाचं बोट टेकवत जावं तसे तांबडे ठिपके. आपल्या पाली रात्रपाळीच्या. दिवसा त्यांच्या डोळ्यातली बाहुली उभ्या रेघेएवढी बारीक होते. ही दिवसपाळीची, म्हणून हिची बाहुली गोल. पापण्या दोघींनाही नाहीत. डोळ्यावर धूळ बसली की जीभ बाहेर काढून डोळाच पुसून घ्यायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला शिसारी आली होती, आता सकाळचा चहा घेऊन मी मुद्दाम त्याच वेळेला पेटीसमोर बसते. ती काचेवर चढली की पोटाकडची बाजू दिसते. पांढुरकं पोट, त्यात श्वासाची बारीक धडधड, आणि पसरलेली बोटं. बोटाखाली आडव्या घड्या असतात, त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस. ना डिंक, ना चिकट घाम. केसांचे आणि काचेचे रेणू एकमेकांना ओढतात, तेवढ्यावर सगळा डोलारा उभा. हे प्रयोगानं सिद्ध व्हायला 2002 साल उजाडावं लागलं. गंमत चिकटण्यात नाही, सुटण्यात आहे. पाऊल उचलताना ती बोट टोकाकडून वर वळवते, उलटं, आपलं बोट कधीच वळणार नाही अशा बाजूला, आणि पकड सुटत जाते. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण भिंतीवरच्या पालीचं पाऊल कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. ते पाहायला मादागास्करची पाल घरात यावी लागली. भिंतीवरची तशीच चालते, पण तिच्यापुढे चहा घेऊन कोण बसतं?

मुलगा पुण्यात शिकायला होता तेव्हा त्याच्या ओळखीतला कुणी परदेशी निघाला आणि जाताना पेटी, दिवे, बांबू यांच्यासकट ही त्याच्या गळ्यात घालून गेला. मुलाला पुढे बंगळूरला नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला मांजरसुद्धा चालत नाही, पालीचं तर नावच काढायला नको. मग ‘दोनच महिने गं आई’ असं म्हणत ती लातूरला आली. दोन महिने कधीच संपले. कागदपत्रं मात्र त्यानं चोख केली आहेत. या पाली आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहेत. वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली आणि 2024 मध्ये असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायचे नियम आले. प्राणी जन्मला तरी कळवायचं, मेला तरी कळवायचं, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. आत्याबाईंना (सासूबाईंना आम्ही सगळ्या जावा आत्याबाईच म्हणतो) हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘माझ्या जन्माची नोंद कुठंच नाही, अन् पालीची दिल्लीला!’

आत्याबाईंचं आणि हिचं आधी अजिबात जमेना. पाल अंगावर पडली की कपड्यांसकट अंघोळ, डोक्यावर पडली तर काय आणि उजव्या खांद्यावर पडली तर काय याचा पंचांगात शोध, चुकचुकली की जमिनीवर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’, अशा शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलेलं. तिरुपतीहून येताना कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात छताला लावलेल्या सोन्या-चांदीच्या पालींना हात लावून त्यांनी आयुष्यभराचा दोष एकदाच फेडून टाकला होता. तरी घरात मुद्दाम आणलेली पाल म्हणजे फारच झालं. ‘भाजीत पडली तर घरदार जाईल’ ही त्यांची दुसरी भीती. मी सांगितलं, पालीला विष नसतं, जगातल्या कुठल्याच गेकोला नसतं. पोट बिघडतं ते तिच्या विष्ठेतल्या जंतूंमुळे, म्हणून पेटीत हात घातला की साबणानं धुवायचा, एवढंच. त्यांना पटलं नाही. जे पटलं ते कुलरमुळे.

कारण लातूरचा उन्हाळा. मुलानं मला वाचायला पाठवलेलं सगळं थंड मुलुखातल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांची सगळी चिंता पेटीत ऊब कशी टिकवायची याची. दिवसा अठ्ठावीस-तीस अंश, दिव्याखालच्या एका कोपऱ्यात त्याहून थोडं जास्त, रात्री थोडं कमी, आणि हवेत साठ-सत्तर टक्के ओल. आमच्याकडे एप्रिल लागला की बाहेर चाळीस, आणि ओलीचा काटा वीसच्या खाली. सकाळी धुतलेली साडी दोरीवर टाकून दुसरी आणेपर्यंत पहिली कडक. दुपारी नाकाच्या आत भेगा पडतात. अशा हवेत एक पावसाळी रानातला जीव जगवायचा म्हणजे ऊब नव्हे, गारवा विकत घ्यायचा. गंजगोलाईतून मोठा कुलर आणला, वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि पेटी हॉलमध्ये वाऱ्याच्या आड पण गारव्यात येईल अशी मांडली. दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी आपला पलंग हॉलमध्ये घ्यायला लावला. आल्यागेल्याला सांगतात, ‘म्हातारीला इतकी वर्षं टेबलफॅन होता. पालीच्या पुण्याईनं गार वारा लागला.’ ऐकायला विनोदी वाटतं, पण आमच्या अंगाला ते बरोबर जिथं लागायचं तिथं लागतं.

लाइट गेली की धावपळ. इन्व्हर्टरवर कुलर ओढत नाही. मग पेटीवर ओलं पोतं टाकायचं, पडदे ओढायचे, आणि पेटीतल्या छोट्या तापमापकाकडे बघत बसायचं. पस्तीसकडे काटा जायला लागला की तिचा रंग उतरतो, घाट्याचा हिरवा जाऊन शेवाळी, काळपट होतो, आणि ती खाली कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, ओलाव्यात जाऊन चपटी बसते. त्या वेळी माझाही जीव वरखाली होतो. वाळ्याचा वास, ओल्या पोत्याचा वास आणि भर दुपारचा अंधार, या सगळ्यात आत्याबाईंचं पुटपुटणं चालू असतं: ‘येईल गं बाई, येईल लाइट.’ कुणाला म्हणत असतात, मी विचारत नाही.

पाण्याचं मात्र मला खरंच अवघड जातं.

फवाऱ्याला बोअरचं पाणी चालत नाही. क्षार इतके, की चार दिवसांत काच पांढरी फटक होते आणि आतली बाई दिसेनाशी होते. म्हणजे आरओचं पाणी. आरओ एक तांब्या देतो आणि त्याहून जास्त मोरीत सोडतो. ते मी बादलीत धरते, फरशीला वापरते, तरी हिशेब मनात चालूच. ज्या गावात 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर, त्या गावात मी सकाळ-संध्याकाळ एका पालीच्या अंगावर गाळलेलं पाणी उडवते. तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलेलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली. आम्ही घागरींना नंबर टाकले होते, ऑइलपेंटनं. आंघोळीचं पाणी संडासला, भाजी धुतलेलं तुळशीला. एक घागर अजून माळ्यावर आहे, तीवर पांढऱ्या रंगात आमचा आकडा. ते दिवस काढलेल्या माणसाच्या हाताला फवाऱ्याचा खटका सहज दाबवत नाही. दाबते तरी. ताटली ठेवून ती त्यातून पिणार नाही, तिला पान आणि काच यांवरचे थेंबच लागतात. आणि थेंब पडले की ती जी मान वर करते, त्याच्यासाठी मी उद्याही दाबणार हे मला माहीत आहे.

माझं माहेर देवणीच्या बाजूचं. त्या भागाच्या नावानंच ओळखली जाणारी गाईबैलांची जात. आमच्या दावणीला बैल होते, एक म्हैस, शेळ्या. जनावर सांभाळायचं म्हणजे आमच्यासाठी हात लावणं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वडील बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे, जू घासून घट्टे पडलेल्या जागी अंगठा रुतवून, आणि हळूच कानाशी म्हणायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बैल डोळे मिटायचा. त्या हाताला दोन-तीन दिवस हळदीचा आणि बैलाचा वास यायचा, वडील त्याच हातानं आम्हाला घास भरवायचे. हिरवीला मात्र हात लावायचा नाही. ही अट मुलानं पहिल्या दिवशीच घातली. तिची कातडी ओल्या कागदाएवढी नाजूक. कुणी पकडलं तर कातडीचा तुकडा पकडणाऱ्याच्या हातात ठेवून ती निसटते. रानात तिचा जीव त्यावरच वाचतो. जखम भरून येते, पण म्हणून कुणी हात लावून बघावा असं नाही. म्हणजे घरात एक जीव आहे, त्याच्यासाठी वीजबिल दुप्पट झालंय, लग्नाला गेलं तरी रात्री परत यायचं ठरलेलं, आणि त्याच्या पाठीवरून एकदाही बोट फिरवलेलं नाही.

जवळात जवळ म्हणजे चमचा. उन्हाळ्यात केशर आंब्याचा रस टोकाला लावून चमचा जाळीच्या दारातून आत धरायचा. रानात या पाली किडे तर खातातच, शिवाय फुलातला मध, पिकलेली फळं चाटतात. मॉरिशसमध्ये तर काही झाडांचं परागीभवन यांच्या भाऊबंदांच्या जिवावर होतं. ती बांबूवरून दोन पावलं येते, थांबते, डोकं एका बाजूला करते, आणि मग रुंद, गुलाबी जीभ चमच्यावर आपटते. त्या आपटण्याचा अगदी बारीक धक्का दांड्यातून बोटांना लागतो. रस संपला की मागे वळते. दुसऱ्या कुणी चमचा धरला तरी एवढीच पावलं, एवढाच वेळ. मी मुद्दाम बघितलंय.

ती चमच्याला ओळखते, मला नाही.

नुसत्या रसावर भागत नाही, जिवंत रातकिडे लागतात. पुण्याहून पार्सल येतं, आणि मे महिन्यात डबा उघडावा तर अर्धे मेलेले. भाऊ फोनवर म्हणाला, ‘अक्का, रातकिडे विकत? शेतात ये, सोयाबीनमध्ये नाकतोडे बरणी भरून देतो.’ पण शेतातला किडा आता कोण देतो जनावराला? भाऊच हंगामात किती फवारण्या करतो मला ठाऊक आहे. अळीला, मग तुडतुड्याला, मग परत अळीला. त्या रानातला नाकतोडा खाऊन ही दुसऱ्या दिवशी उताणी पडायची. म्हणून शेतकऱ्याची बहीण शहरात बसून, अंड्यांच्या जुन्या ट्रेमध्ये, कोंडा आणि गाजराच्या किसावर रातकिडे वाढवते. रात्री त्यांचं किरकिरणं सुरू होतं तेव्हा डोळे मिटले की माहेरचं अंगण. आवाज तोच. त्यांच्यावर खडूसारखी कॅल्शियमची पूड भुरभुरून मग ते आत सोडायचे. एखादा निसटतो, आणि तो खायला ती मातकट पाल पेटीमागे येते. तिचा खुराकही शेवटी माझ्याच खर्चातून चाललाय, हे मावशींना सांगायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी हिरवीच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी फुगवटे आले. मी घाबरले. आमच्या गल्लीतले जनावरांचे डॉक्टर बघून हसले, म्हणाले, ‘मॅडम, म्हशीचं काही असेल तर सांगा.’ मुलानं व्हिडिओवर बघून सांगितलं की ती चुन्याची साठवण, अंड्याच्या कवचासाठी. आणि झालंही तसंच. एका संध्याकाळी बांबूच्या पोकळीत टॉर्च मारला तर ती पाठमोरी, मागच्या दोन्ही पावलांत नुकतंच घातलेलं अंडं धरून, सावकाश फिरवत होती. कवच ओलं असतं, ते कडक होईपर्यंत धरून ठेवावं लागतं. मग दुसरं. दोन्ही एकमेकांना चिकटलेली, पांढरी. नर नाही, त्यामुळे त्यातून काही निघणार नव्हतं. आत्याबाईंना काठी धरून पेटीपर्यंत यायचं होतं, आल्या, बराच वेळ वाकून बघत राहिल्या. त्यांना पाच मुलं झाली, त्यातली तीन राहिली. ‘धरून बसलीय बघ’ एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी गणपतीची तसबीर पुसायला काढली, तर मागे भिंतीला अशीच दोन अंडी. तीही पांढरी, तीही दोनच. एरवी आम्ही ती कागदावर घेऊन बाहेर टाकतो. त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, ‘राहू दे, तसबीर उद्या पुस.’

मध्यंतरी जाऊबाई अंदमानच्या सहलीला गेल्या होत्या. सेल्युलर जेलचे फोटो झाल्यावर एक फोटो आला: हॉटेलच्या अंगणातल्या नारळावर हिरवीगार पाल, तांबड्या ठिपक्यांची. खाली लिहिलेलं, ‘तुमची इथं फुकट बसलीय, कुलर नाही की काही नाही.’ खरंच आहे ते. हिच्या भाऊबंदांतली एक जात अंदमानात राहते, मादागास्करपासून अख्खा हिंदी महासागर ओलांडून. मी फोटो मोठा करून बघितला. झाड, वारा, खालून जाणारी माणसं, आणि ती खोडावर उलटी, डोकं खाली करून. मग मान वळवून आमच्या पेटीकडे पाहिलं. पेटी मोठी आहे, स्वच्छ आहे, आत मनीप्लांट आणि जाड बांबू आहेत, साप नाही, ससाणा नाही. ती सुखी आहे का, हे कुणी विचारलं की मुलगा सांगतो, खाते, रंग तेजस्वी आहे, अंडी घालते, म्हणजे ठीक आहे. बाई कशी आहे म्हणून विचारलं तर आमच्याकडेही हेच सांगायचे: खाते-पिते, लेकरं झाली, रंग उजळलाय.

मावशींना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही असं नाही. एक आपली आपण जगते, दुसरी मी दोन दिवस गावाला गेले तर मरेल, म्हणून एकीला फवारा. पण हे उत्तर मला तितकंसं आवडत नाही. तिला परावलंबी केलं आपणच, आणि मग त्या परावलंबनाचाच लळा लागला. बैलालाही आपणच दावं लावलं, हे आहेच. पण बैल वडिलांचा वास ओळखायचा, गोठ्यात त्यांचं पाऊल वाजलं की कान टवकारायचा. कष्टाच्या बदल्यात वर्षातून एक दिवस का होईना, पुरणपोळी खायचा. हिनं मला काय द्यायचं आणि मी हिला काय मागायचं? बघत बसायचं, एवढाच व्यवहार. कधी कधी वाटतं, माझ्या वयाला असाच कुणीतरी बरा. जो लाड करून घेत नाही, रुसत नाही, आणि मी काचेपाशी आले काय, गेले काय, आपला डोळा चाटत राहतो. कधी वाटतं, हा शुद्ध वेडेपणा आहे आणि लोक पाठीमागं हसतात ते बरोबरच.

उन्हाळा संपता संपता मुलाचा फोन आला. नवं घर मिळालंय, मालक काही म्हणत नाही, बंगळूरची हवा हिला लातूरपेक्षा शंभरपट मानवेल, कुलर लागणार नाही की पोतं लागणार नाही. पोर्टलवर पत्ता बदलायचं तो बघेल. बोलण्यात काही खोट नव्हती. आत्याबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, ‘किती वर्षं जगतात गं या?’ मी म्हटलं, नीट ठेवलं तर दहा-पंधरा. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मुलाला म्हटलं, एवढ्या उन्हात बसनं कसं नेतोस, मृग लागू दे. मृग लागला. मग म्हटलं, आर्द्रात रस्ते खराब. पुनर्वसू गेलं, पुष्य गेलं. आता पोळा तोंडावर आलाय आणि भाऊ खांदेमळणीला बोलावतोय. त्याला कळवलंय, सकाळी येते आणि मुक्काम न करता रात्री परत जाते. मुलानं पुन्हा विषय काढलेला नाही, मीही आठवण केलेली नाही.